चालू कामातून उठण्याचा नियम

गड्डम सर स्टाफरूममध्ये भिंतीच्या कडेकडेनं यायचे. आत कुणी बोलत असेल तर आपल्या येण्यानं त्याचं बोलणं तुटू नये, म्हणून. एवढा उंच माणूस अंग चोरून भिंतीला घासत येतोय हे पाहून बोलणारा हमखास थांबायचा, आणि सर कासावीस व्हायचे. "चालू राहू दे की. मी नाहीच असं समजा," म्हणायचे. शर्टाच्या खांद्यावर कायम सुताची पांढरी लव असायची, खिशात तीन पेन्सिली, आणि बगलेत चौकडीच्या कागदांची गुंडाळी. चादरीची नक्षी काढायला आमच्याकडं जो बारीक चौकडीचा कागद वापरतात, तो. त्यावर ते नक्षी काढत नव्हते. काय काढत होते ते समजायला मला वर्ष लागलं.

सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात ते गणित शिकवायचे आणि मी त्यांच्याच विभागात नवा लागलो होतो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी मूळचा बार्शीचा, शहरात एकटा, त्यामुळं संध्याकाळी कुणी बोलायला मिळालं तर बरंच वाटायचं. आज पन्नाशी ओलांडल्यावर मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय. त्यात माझ्याबद्दलही थोडं येईल. ते टाळून लिहिता येतंय का हे मी दोनदा करून पाहिलं. नाही आलं.

मी लागलो त्याच महिन्यातली गोष्ट. सर फळ्यावर एक लांबलचक गणित सोडवत होते, आणि प्राचार्यांनी त्यांना तातडीनं बोलावल्याचा निरोप घेऊन शिपाई आला. मी व्हरांड्यातून चाललो होतो. सरांनी मला खुणेनं आत घेतलं, पण हातातली ओळ सोडली नाही. मला शेजारी उभं केलं. दोन ओळी मी नुसतं पाहायचं. मग फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: कुठवर आलो, काय धरून चाललोय, पुढची पायरी कोणती. मी खडू घेतला, पुढची ओळ लिहिली, आणि ती बरोबर आल्याचं पाहून ते भिंतीच्या कडेनं निघून गेले. मुलांच्या वह्या एकदाही थांबल्या नाहीत. त्या दिवशी मला वाटलं, वर्ग सोडून जाण्याची ही काय तऱ्हा. पण मनात ते रुतून राहिलं.

सरांचं घर पूर्व भागात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, अंगणाच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांचे आठ यंत्रमाग. मॅट्रिकला पहिले आले म्हणून वडिलांनी शिकवलं, आणि शिकून ते मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेले. तिथं खोलीभर मोठा संगणक होता. चार वर्षं त्यांनी त्याच्यावर काम केलं. मग वडिलांना दमा लागला, शेड बघायला कुणी उरलं नाही, आणि सर परत आले. मुंबईचं त्यांनी फार कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "आमच्या खोलीत थंडगार असायचं बघा. स्वेटर घालून बसायचो. सोलापूरचा माणूस, स्वेटर." आणि स्वतःशीच हसले.

संगणक मागं राहिला तरी एक प्रश्न त्यांच्याबरोबर आला होता. चौकडीच्या कागदावर ते तोच सोडवत होते. मला त्यांनी तो शेडमध्ये उभं करून समजावला. छताजवळून एक लांब लोखंडी शाफ्ट फिरत होता आणि त्यावरून आठ पट्टे आठ मागांवर उतरले होते. एका मागाचा धागा तुटला. विणकरानं दांडा ओढला, पट्टा बाजूच्या मोकळ्या पुलीवर सरकला आणि तेवढा माग थांबला. शाफ्ट फिरत राहिला, बाकीचे सात माग खडखडत राहिले. धागा जोडल्यावर पट्टा पुन्हा जागेवर.

"बघितलाव?" सर माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, कारण तिथं ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. "सगळं बंद करावं लागलं का? नाही. आता संगणकाचं बघा."

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. संगणकात हिशेब करणारा जो भाग, तो प्रोसेसर. बाहेरच्या देशांत आता एकाच यंत्रात दोन-दोन, चार-चार प्रोसेसर बसवायला लागले होते. कुठलं काम कुणाला द्यायचं, कुणाचं कधी काढून घ्यायचं, हे सगळं पाहणारा एक प्रोग्रॅम आत सतत चालू असतो. त्याचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम, पण सर त्याला कारभारी म्हणायचे. तर या चारांतला एक प्रोसेसर बिघडायला लागला, किंवा पाचवा आणून बसवायचा झाला, तर यंत्र बंद न करता, कारभाऱ्याचं काम चालू असतानाच, ते कसं करायचं? मागाचं सोपं आहे, सर म्हणाले. अर्धवट कापड त्या मागावरच राहतं, माग सुरू झाला की पुढं विणायचं. पण उठणाऱ्या प्रोसेसरच्या हातात अर्धवट काम असतं आणि ते दुसऱ्याकडं गेलं पाहिजे. आणि काय काय असतं त्याच्या हातात, हे आधी कुणालाच पुरतं माहीत नसतं.

"पण सर, आपल्याकडं तर संगणकच नाही," मी म्हणालो. तेव्हा अख्ख्या सोलापुरात तो असेल असं मला वाटत नव्हतं.

"म्हणून तर निवांत विचार करता येतो," ते म्हणाले.

ते गमतीनं बोलत नव्हते. त्यांना सगळीकडं हाच प्रश्न दिसायचा. गिरणीची पाळी बदलताना फाटकाशी उभे राहायचे. हॉटेलात गल्ल्यावरचा माणूस जेवायला उठला की चहा थंड होईपर्यंत तिकडंच बघायचे. एकदा म्हणाले, एसटीचा कंडक्टर बार्शी नाक्यावर बदलतो तेव्हा उतरणारा काय सांगून उतरतो ते ऐका बरं. मी ऐकलं. तो म्हणाला होता, "मागच्या बाकावरची म्हातारी वैरागला उतरव." सरांनी ते लिहून घेतलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचे वडील गेले. मी अंत्ययात्रेला होतो. कडक ऊन, तिरडी पुढं, माणसं मागं. सर पुढून उजव्या बाजूला खांदा देत होते. वाटेत गल्लीतला एक माणूस त्यांचा खांदा घ्यायला पुढं झाला. सर बाजूला आले, माझ्या शेजारून चालायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हते. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायच्या तयारीत होतो तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "माने, बघा. आधी नवा खांदा खाली लागतो. मग जुना निघतो. उलटं कधीच होत नाही. आणि कुणी शिकवलेलं नाही हे."

मला तेव्हा धक्का बसला होता. बापाच्या तिरडीमागून चालताना माणूस हे बघतो? आता वाटतं, वडिलांकडं बघण्याची त्यांची तीच पद्धत असावी.

त्यानंतर शनिवार सुरू झाले. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की ड्रॉइंग हॉलमध्ये चार टेबलं मांडायची आणि चार माणसांनी चार प्रोसेसर व्हायचं. एक मी. दुसऱ्या ग्रंथपाल कांबळेबाई, अतिशय नीटनेटक्या. तिसरे वर्कशॉपचे शेख मिस्त्री. चौथा कोण मिळेल तो, बहुतेक वेळा ऑफिसमधला कुणी कारकून. सर स्वतः कारभारी. मधल्या ट्रेमध्ये कामाच्या चिठ्ठ्या: मोठमोठे गुणाकार, नावं अकारविल्हे लावणं, एखादी संख्या कशाकशानं भागली जाते ते पाहणं. समोरचा फळा सगळ्यांच्या सामायिक आठवणीसारखा, सगळ्यांना लागणारे आकडे त्यावर. त्यावर बदल करायचा तर एकच खडू ठेवलेला होता. ज्याच्या हातात खडू, त्यानंच फळ्याला हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं. नाहीतर दोघं एकाच वेळी एकच आकडा बदलणार आणि घोळ. एकमेकांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. घंटी वाजली की हातातली चिठ्ठी कुठवर आली ते तिच्यावरच लिहून ट्रेमध्ये टाकायची आणि दुसरी उचलायची.

शेख मिस्त्री पहिल्याच शनिवारी म्हणाले, "सर, घरी बायको विचारली तर काय सांगू? शनिवारी मी काय होतो?"

"सांगा, चौथाई संगणक होतो," कांबळेबाई म्हणाल्या.

"नको. पगार पण चौथाई करतील."

सगळ्यांसाठी सरांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यायची. चिठ्ठ्यांना तेल लागलेलं सरांना चालत नसे, म्हणून हात धुऊन यायची शिस्त होती. हसत-खेळत चालायचं ते. पण एकदा घंटी वाजली की आम्हाला खरंच काहीतरी व्हायचं. तासभर मान वर व्हायची नाही, आणि फळ्यावरचे आकडे कुणीच चालवत नसल्यासारखे पुढं सरकायचे.

उठण्याचा नियम सरांनी सात-आठ महिने घासून घासून केला. टेबलावर लाल पुठ्ठा ठेवला की त्या माणसाला नवी चिठ्ठी मिळणार नाही. हातातली पायरी पुरी करायची, कुठवर आलो ते लिहायचं, चिठ्ठी ट्रेमध्ये टाकायची. ट्रेमधली ती चिठ्ठी दुसऱ्या कुणीतरी उचलली की मगच उठायचं. नवा खांदा आधी, जुना नंतर. नव्या येणाऱ्यानं आधी नियमांचा कागद वाचायचा, मग फळा पाहायचा, मग हात वर करायचा, आणि तोवर त्याला काम नाही. हे सगळं चौकडीच्या कागदावर उतरलं, आणि सरांनी मुंबईच्या संस्थेला पत्र लिहिलं. तिथून उत्तर आलं. येऊन मांडा, म्हणाले. जमलं तर परत घेण्याचा विचार करू, असंही आडून लिहिलं होतं. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

मीही मनातल्या मनात एक गोष्ट वाचली होती. सर गेले तर त्यांची जागा रिकामी होणार होती, आणि विभागात मीच पुढचा होतो.

मुंबईच्या आधीचा शेवटचा शनिवार. अडीच तासांची चाचणी, कुणाला केव्हा उठवायचं ते चिठ्ठी काढून ठरणार. चारदा माणसं उठली, चारदा बाहेर थांबलेली आत येऊन बसली. फळ्यावरचा एक आकडा चुकला नाही. सर एका हातात घड्याळ धरून वहीत वेळा टिपत होते. पाचव्यांदा चिठ्ठी कांबळेबाईंच्या नावाची निघाली. लाल पुठ्ठा टेबलावर आला तेव्हा त्या फळ्याजवळ होत्या. त्यांनी ओळ पुरी केली, जागेवर येऊन चिठ्ठी लिहून टाकली, शेखनी ती उचलली, आणि बाई नियमाप्रमाणं उठल्या. दाराकडं निघाल्या तर त्यांच्या हातात खडू तसाच होता. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हात पुढं केला. त्यांनी खडू माझ्या हातात ठेवला आणि त्या बाहेर गेल्या.

सरांची मान वहीत होती. शेख भागाकारात होते. सगळं मिळून दोन सेकंद.

चाचणी पार पडली. सर इतके आनंदले की त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून घंटी बंद केली आणि सगळ्यांना समोरच्या हॉटेलात नेलं. माझ्या लक्षात आलं ते घरी, हात धुताना. तळव्याला खडू लागलेला होता, आणि माझी तर खडू घेण्याची पाळीच नव्हती. उठणाऱ्यानं खडू खाली ठेवायचा, हे नियमात कुठं लिहिलेलंच नव्हतं. माणूस होता म्हणून खडू हातातून हातात गेला. यंत्र असतं तर तो भाग खडू घेऊनच निघून गेला असता, आणि उरलेले तिघं फळ्यासमोर खडूची वाट पाहत जन्मभर थांबले असते.

मी त्याच पावली सरांकडं जायला हवं होतं. सायकलला हातही घातला होता. मग वाटलं, सांगितलं तर हा माणूस मुंबईला जाणार नाही. पुन्हा सहा महिने शनिवार लावेल. तोवर तिकडची जागा कोण ठेवतंय? हे मी स्वतःला त्यांच्या काळजीनं सांगत होतो. पण विचार माझ्या बढतीचाही होता, आणि तो आधी आला होता. सायकल मी पुन्हा भिंतीला लावली.

सर चार दिवसांनी परतले. ओट्यावर बसून त्यांनी मला सगळं क्रमानं सांगितलं. मांडणी चांगली झाली. प्रश्न चांगले आले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका तरुण मुलीनं विचारलं, उठणाऱ्याच्या हातात त्या वेळी सामायिक आठवण बदलण्याचा हक्क असला तर?

"मी म्हणालो, आमच्या चाचणीत तसं कधी झालेलं नाही." सर जमिनीकडं बघत बोलत होते. "अडीच तास चालली, मी समोर उभा होतो, म्हणालो. ती म्हणाली, झालं नाही की दिसलं नाही? मग चहा आला."

मी म्हणालो, नियमात एक ओळच तर वाढवायची आहे.

"ओळ वाढवायला अर्धा तास. ती रेल्वेतच वाढवली. पण मी बघत होतो, माने. बघत असून दिसलं नाही, तर आणखी काय काय दिसलं नसेल?"

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी आम्हाला बोलावलं ते एवढंच विचारायला. कांबळेबाई उठल्या तेव्हा खडू कुणाकडं होता? बाई प्रामाणिकपणे आठवायला लागल्या. "मी तर उठून गेले, सर. तिथंच कुठंतरी ठेवला असेल की." त्यांना खरंच आठवत नव्हतं. जाताना हातातली वस्तू जवळच्याला देणं, हे कोण लक्षात ठेवतं? शेख म्हणाले, मी मान वर केली नाही, कसम. मग सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. टेबलं आम्हीच उचलून जागेवर लावली. शनिवार संपले. चौकडीच्या कागदांची गुंडाळी सरांच्या बगलेत पुन्हा दिसली नाही. मुंबईचं पुढं काहीच आलं नाही. ते शिकवत राहिले, भिंतीच्या कडेनं येत राहिले, पण गल्ल्यावरचा माणूस जेवायला उठला तरी आता चहाच पीत बसायचे. माझी बढतीही अर्थातच झाली नाही. ती झाली नाही याचा मला आधार वाटायचा, इतकं माझं मन तेव्हा वाकडं झालं होतं.

दोनेक वर्षांनी मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी दुपारी सरांचा निरोप घ्यायला गेलो. ते शेडमध्ये होते. आठही माग चालू. मी ठरवून गेलो होतो, नुसता निरोप घेऊन परतायचं नाही. जवळ जाऊन म्हणालो, सर, खडू मी घेतला होता. त्यांना ऐकू आलं नाही. कानामागं हात धरून म्हणाले, "काय?" पुन्हा सांगितलं. पुन्हा ऐकू आलं नाही. दोन वर्षं जे पुटपुटणंही जमलं नव्हतं, ते शेवटी मी आठ मागांच्या वर ओरडून सांगितलं. जवळच्या विणकरानं वळून पाहिलं.

सरांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओट्यावर आणलं. मी खाली मान घालून उभा. ते रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील, दोन्हींची मी तयारी केली होती.

"आधी हात कुणी पुढं केला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"त्याच्या आधी बाईंनी तुमच्याकडं बघितलं होतं?"

"हो. आधी खडूकडं, मग माझ्याकडं."

"तुमच्याकडंच का? शेख पण होते की."

"मी दाराच्या वाटेवर होतो, सर."

"म्हणजे बाईंनी मागितलं नाही, सांगितलं नाही. नुसतं बघितलं, आणि तुम्ही हात केला." खिशातली पेन्सिल त्यांच्या हातात कधी आली ते मला कळलं नाही. कागद नव्हता, म्हणून ओट्याच्या फरशीवरच ते चौकोन काढायला लागले. चार चौकोन, एक दार, एक बाण. "मग मी विचारलं तेव्हा त्यांना आठवत नव्हतं, ते खरंच."

"ते खरं होतं. खोटं मी बोललो, सर. तुमच्या तोंडावर बोललो. आणि मुंबईला जायच्या आधीपासून मला ठाऊक होतं."

त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. तेवढा वेळ मला अजून संपलेला वाटत नाही.

"ते वेगळं आहे," ते म्हणाले. "ते मी आत्ता हातात घेत नाही. नंतर बघू."

मग ते उठून शेडमध्ये गेले. मला या म्हणाले नाहीत, थांबा म्हणाले नाहीत. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. पुढं पत्रं लिहिली, उत्तरं आली, त्यांत शेडचं असायचं, कॉलेजचं असायचं, कांबळेबाईंच्या मुलीच्या लग्नाचं होतं. ते नंतरचं कधी आलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. मग पत्रंच थांबली.

त्या दुपारी निघताना मी शेडच्या दारातून आत पाहिलं. सरांनी तिसऱ्या मागावरच्या विणकराला उठायला सांगितलं होतं आणि दुसऱ्याला त्याच्या जागी उभं केलं होतं. माग चालूच होता. उठणाऱ्याच्या हातात सुताची कांडी होती. सर दोन पावलं मागं सरून, हात पाठीशी बांधून, वाकून उभे होते, आणि डोळ्याची पापणीही न हलवता त्या दोघांच्या हातांकडं बघत होते.